अर्धी टाकी गॅस

माझ्या नवऱ्याला वस्तू वाया गेलेली पाहवत नाही. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा, टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतून पुसून घेणारा हा माणूस बहारीनला येऊन मोठा इंजिनिअर झाला, पण चिपटी काही सुटली नाही. त्याच्या या स्वभावावर मी वीस वर्षं हसत आले आणि तितकीच वर्षं भांडतही आले. त्यापायी एका शुक्रवारी साखीरच्या वाळवंटात काय होऊन बसलं असतं, ते आठवलं की अजून मी रात्री उठून बसते. सगळा दोष त्याच्या माथी मारला तर मात्र तेही खोटं होईल. निम्म्याहून जास्त माझा होता.

त्याच्या ऑफिसात एक युरोपियन सहकारी होता, भारी हौशी. लोक नोकरीवर रुजू व्हायला विमानाने येतात. हा आपल्या जुन्या जीपला मागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून रस्त्याने आला होता. तुर्कस्तान, इराक, कुवेत, सौदी आणि मग समुद्रावरचा पूल ओलांडून बहारीन. परत जाताना मात्र तो विमानाने गेला आणि जीप व कॅरव्हॅन माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मारून गेला. नवऱ्याला वाटलं, घबाड मिळालं.

"आपल्याला काय करायचीय चाकांवरची खोली? आहे त्या खोल्या आवरून होत नाहीत," मी म्हटलं.

"अगं, थंडीत साखीरला जाऊ. इथले लोक कसे तंबू ठोकून राहतात, तसं."

ती जीप पेट्रोलवर चालायची आणि गॅसवरही. मागे डिकीत, जिथे स्टेपनी ठेवतात त्या खळग्यात, गॅसची गोल टाकी बसवलेली होती. समोर एक बटण होतं. ते दाबलं की इंजिन पेट्रोल सोडून गॅस प्यायला लागायचं. बटणाशेजारी टाकीत किती गॅस आहे ते दाखवणारे चार हिरवे दिवे होते, त्यांतले दोन पेटायचे. गाडीत भरायचा तसला गॅस बहारीनमध्ये निदान आम्हाला तरी कुठे मिळाला नाही. त्या सहकाऱ्याने शेवटचा भरला होता तो तुर्कस्तानात. थोडक्यात, रिफातल्या आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पोटात तुर्कस्तानातला अर्धी टाकी गॅस होता, आणि टाकीपासून हातभर अंतरावर माझ्या मुलीची बसायची सीट.

गाडी पासिंगला न्यायच्या आधी ती टाकी काढावी लागेल, असं आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं. हा मूळचा राजापूरकडचा, पंचवीस वर्षं इथल्या गॅरेजांत काम केलेला. त्याने डिकीत वाकून पाहिलं आणि हात मागे घेतले.

"साहेब, टाकी खाली करून आणा, मग काढतो. भरल्या टाकीला मी हात लावायचा नाय."

"मग सोडून दे हवेत."

"हवेत? बाजूला वेल्डिंग चाललाय, दिसत नाय काय? चालवून संपवा. पाईप, जॉइंट सगळे साबणाच्या पाण्याने बघून देतो मी."

चालवून संपवा म्हटल्यावर नवऱ्याचे डोळे चमकले. गॅस फुकट जाणार नाही आणि कॅरव्हॅनची सफरही होईल, असा हिशेब त्याने तिथल्या तिथे जमवून टाकला. जड ओझं ओढलं की इंधन भराभर जातं, असं त्याने मला समजावलंही. येत्या शुक्रवारी साखीर.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," मेकॅनिक म्हणाला. "हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. आणि वास आला की यल्ला, गाडी बंद, सगळे उतरा, वारा येतो त्या बाजूला लांब जा. वास आला तरच कळणार. नाक कोणाचा चांगला आहे तुमच्यात?"

"माझं एसीने कायमचं चोंदलेलं," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पण हिचं नाक! तीन घरं पलीकडे दूध करपलं तरी हिला कळतं."

"मग झाला. वैनी पुढे बसतील."

मी हसले. मान डोलावली. पण माझं नाक दोन वर्षांपूर्वीच मेलेलं होतं.

करोनाच्या तापात वास गेला तो ताप उतरल्यावरही आला नाही. सगळ्यांचा येतो, माझाही येईल, म्हणून सुरुवातीला कुणाला बोलले नाही. एक महिना झाला, सहा झाले. एकदा कुणाला न सांगता सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवून आले. तिथली डॉक्टर गोड होती. म्हणाली, काहींना वेळ लागतो, येईल, इंशाल्ला. त्या इंशाल्लावर मी पुढचे दिवस काढले.

यात लपवण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. दुसरी कुणी असती तर मीही विचारलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते. पण इथल्या मराठी घरांत माझा गोडा मसाला प्रसिद्ध आहे. गणपतीच्या आधी मी तो करते आणि रिफापासून मुहर्रकपर्यंत त्याचे डबे जातात. तो मसाला मी नाकाने भाजायचे. धणे कुठे थांबवायचे, दगडफूल किती घालायचं, तीळ खमंग असतानाच कढई कधी उतरवायची, हे सगळं नाक सांगायचं. नाक गेल्यावर मी डोळ्यांनी आणि कानांनी भाजू लागले. खोबऱ्याचा रंग बघायचा, धण्यांची तडतड ऐकायची. पहिल्याच वर्षी एकीचा फोन आला की यंदाचा मसाला नेहमीपेक्षा छान झालाय. फोन ठेवून मी रडले. मग म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे झाकलेलीच.

घरात तर मी वास घेणारं यंत्रच होते. दूध नासलंय का, आईला विचार. शर्ट धुवायला टाकायचा का, आईला विचार. मी बाटली नाकाशी नेऊन गंभीर चेहरा करायचे. झाकणावरची तारीख आधीच वाचलेली असायची. मुलगी तेव्हा चौदाची होती. तिला मी मुद्दाम विचारायचे, "कसला वास येतोय, सांग बघू," जशी काही तिची परीक्षाच घेतेय. ती जे सांगेल त्याला म्हणायचे, बरोबर. इतकी सवय झाली होती या नाटकाची, की ते नाटक आहे हे दिवसचे दिवस आठवायचंही नाही.

त्या आठवड्यात मात्र क्षणोक्षणी आठवलं. तीनदा मी सांगायला गेले. तिसऱ्यांदा तर "अरे, ऐक ना" इथपर्यंत पोचलेही होते. तेवढ्यात तो म्हणाला, "गॅस ओळखणारं यंत्र मिळतं, घ्यावं म्हणत होतो. पण तू असताना कशाला?" लाज वाटते सांगायला, पण ते ऐकून मला बरं वाटलं. वीस वर्षांत या माणसाने माझ्या कशावर इतका विश्वास टाकलेला मी ऐकला नव्हता. मी तोंड मिटलं आणि शुक्रवारसाठी कांदे चिरायला घेतले.

शुक्रवारी सकाळी निघालो. कॅरव्हॅन जीपला जोडण्यातच तास गेला. नवऱ्याने हे काम मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेलं होतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी तो थांबून मोबाईल बघायचा. कॅरव्हॅनच्या जमिनीला कोपऱ्यांत चार-पाच भोकं होती, त्यांतून वाळू येईल म्हणून आदल्या दिवशीच त्याने त्यांत जुन्या बनियनचे बोळे कोंबले होते. तेही त्याने मला कौतुकाने दाखवलं. मी म्हटलं, छान.

रस्त्याला लागल्यावर मला कळलं की गॅसची भीती ही एकच भीती नव्हती. मागे एवढं धूड जोडलं की गाडी आपली राहत नाही. ब्रेक दाबला की मागून ढकलल्यासारखं व्हायचं. शेजारून ट्रक गेला की कॅरव्हॅन आधी इकडे, मग तिकडे डोलायची आणि जीपचं शेपूट तिच्यामागे फरफटायचं. नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता आणि तोंडाने "काही नाही, काही नाही" म्हणत होता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, डिसेंबरातल्या गार हवेत.

"आता गॅसवर टाक," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. इंजिनाने एक आचका दिला आणि आवाज बदलला. दोन हिरवे दिवे लागले.

"वास?"

मी नाक वर करून हुंगलं. "नाही."

दर पाच मिनिटांनी तो विचारायचा आणि दर पाच मिनिटांनी मी नाही म्हणायचे. नाही म्हणताना मी सनशेड खाली ओढून त्यातल्या आरशात मागे बसलेल्या मुलीचा चेहरा बघायचे. कानांत इअरफोन घालून ती खिडकीबाहेर बघत होती. तिने नाक मुरडलं की समजायचं, असं मी ठरवलं होतं. माझा सगळा आधार ते चौदा वर्षांचं नाक होतं आणि त्याला याची काही कल्पना नव्हती.

अवाली गाव मागे टाकून तेलाच्या नळ्यांच्या बाजूबाजूने जाताना जरा चढ लागला, नवऱ्याने अॅक्सिलरेटर दाबला, आणि इंजिनातून फाट्कन आवाज आला. सुतळी बॉम्बसारखा. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. नवऱ्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून येणारे दोघे हॉर्न वाजवत गेले.

"उतरा," तो म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आम्ही उतरलो. मुलगी इअरफोन काढत म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?"

"तू लांब उभी राहा. आई बघतेय."

आई बघतेय. मी डिकीपाशी गेले, दार उघडलं, टाकीवरचं झाकण बाजूला केलं आणि तोंड खाली नेलं. आयुष्यात एवढा खोल श्वास मी कधी घेतला नसेल. काही नाही. कापूर ठेवला असता तरी काही नाही, चंदन ठेवलं असतं तरी काही नाही. त्या टाकीतून गॅसचा झरा वाहत असता तरी मला काही कळलं नसतं. मी मान वर केली तेव्हा नवरा माझ्याकडे बघत होता. परीक्षेचा निकाल लागला की मुलं बघतात ना बोर्डाकडे, तसा.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला, लोकांच्या हॉर्नमध्ये, मुलीसमोर. मी मुलीला हाक मारली.

"इकडे ये. सांग बघू, कसला वास येतोय."

ती आली, वाकली, म्हणाली, "नथिंग. जस्ट रबर."

"बरोबर," मी म्हटलं, आणि नवऱ्याला सांगितलं, "काही नाही. वास नाही."

त्याने सुस्कारा सोडला. जुन्या गाड्या गॅसवर चढाला असा बार काढतात, असं त्याने मोबाईलवर शोधून काढलं आणि आम्ही पुढे निघालो. मला वाटलं, निभावलं. कुठल्याही गोष्टीतून आपली अक्कल चालवून बाहेर पडता येतं असं मला नेहमीच वाटत आलंय.

साखीरला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बहारीनी गृहस्थांच्या कुटुंबाचा मोठा तंबू होता. ते लोक दुपारनंतर येणार होते आणि त्यांच्या कुंपणालगत आम्ही कॅरव्हॅन लावायची असं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा वारा सुटला होता. वाळू जमिनीलगत सरपटत होती. नवऱ्याने गाडी उभी केली आणि म्हणाला, "गॅस बंद कर." मी बटण दाबून गाडी पेट्रोलवर आणली, मग त्याने इंजिन थांबवलं. मी दार उघडून वाळूत पाय टेकले तेव्हा देवाचं नाव घेतलं. पोचलो होतो, जिवंत होतो, आता परत जाईपर्यंत तरी ती टाकी माझ्या डोक्यातून जाणार होती.

मुलीला गाडी लागली होती. तिचं डोकं दुखत होतं. ती कॅरव्हॅनमध्ये जाऊन खालच्या बाकावर शाल ओढून आडवी झाली. वाळू येऊ नये म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मग ओट्यावरच्या छोट्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. कॅरव्हॅनला तिचा वेगळा सिलिंडर होता, बाहेरच्या कप्प्यात. घरच्यासारखाच. त्याची मला कधी भीती वाटली नाही. घरी रोजच तर वापरतो.

चहात दूध घातलं आणि नवऱ्याने बाहेरून हाक मारली. कॅरव्हॅन एका बाजूला कलली होती. ती सरळ करायला चाकाखाली फळी सरकवायची होती आणि ती मी धरायची होती. दोन मिनिटांचं काम, म्हणून मी गेले. दार वाऱ्याने मागे आपटलं.

दोन मिनिटांची पंधरा झाली. फळी निसटायची, तो पुन्हा जॅक लावायचा, मी पुन्हा वाळूत गुडघे टेकायचे. मध्येच त्याने कपाळ पुसत विचारलं, "गॅस बंद केलास ना?"

"केला की मघाशीच," मी म्हटलं.

सकाळपासून, खरं तर आठवडाभर, माझ्या डोक्यात गॅस या शब्दाचा एकच अर्थ होता: ती टाकी, ते बटण, ते हिरवे दिवे. मराठी बाईला कुणी "गॅस बंद केलास का" विचारलं तर ती शेगडीकडे धावते. जन्मभर मीही धावले असते. त्या दिवशी मला गाडीचं बटण आठवलं, आणि ते मी खरोखरच दाबलेलं होतं. तो चहाचं विचारत होता.

काम झाल्यावर मी हात झटकत आत आले आणि दार ओढून घेतलं. चहा उतू गेलेला दिसला. शेगडीभर दूध सांडलं होतं, पातेल्याच्या कडेला साय चिकटली होती आणि ज्योत विझलेली होती. माझी पहिली प्रतिक्रिया चिडण्याची होती. आता हे पुसा. चहा पुन्हा तापवा.

बाकावरून मुलीचा आवाज आला. शालीतून, झोपाळलेला. "आई, व्हॉट्स दॅट स्मेल?"

आणि मी काय म्हटलं? विचारसुद्धा केला नाही. दोन वर्षांची सवय तोंडात बसलेली होती.

"मसाल्याचा आहे," मी म्हटलं. "पिशवीत डब्याचं झाकण सैल झालंय बहुतेक."

"ओके," ती म्हणाली आणि कूस बदलली.

मी लायटर उचलला. चहा तापवायचा होता. डाव्या हातात लायटर बर्नरपाशी धरला, अंगठा खटक्यावर ठेवला आणि उजव्या हाताने शेगडीची कळ फिरवायला गेले. कळ फिरेना. मी जोर केला. आधी वाटलं, अडकली. मग दिसलं की ती आधीच पूर्ण फिरवलेली होती. पंधरा मिनिटं ती तशीच होती.

मला तेव्हा काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. एकदम सगळं ऐकू यायला लागलं. बर्नरमधून अगदी बारीक सूं असा आवाज येत होता, तो मी आत आल्यापासून येत असणार. बाहेर वारा. नवरा वाळूत काहीतरी ठोकत होता. माझा अंगठा खटक्यावर होता आणि मला तो माझा वाटत नव्हता. तो उचलायचा कसा, हेच कळेना. वाटलं, हलला तर दाबलाच जाईल. खाली, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर, माझी मुलगी झोपली होती, आणि मेकॅनिकचे शब्द कानात आले की गॅस खाली बसतो.

उजव्या हाताने मी कळ उलटी फिरवली. मग त्याच हाताने डाव्या हाताचा अंगठा धरून लायटरवरून काढला. मूल चिमटीत काही धरून बसलं की आपण एकेक बोट सोडवतो ना, तसा. लायटर ओट्यावर ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून तो उशीत खुपसला. मग मुलीच्या काखेत हात घातले.

"ऊठ. बाहेर."

"व्हॉट? आई, माय हेड..."

"ऊठ म्हणते ना."

चौदा वर्षांची, माझ्या खांद्याला लागणारी मुलगी मी कशी उचलली कुणास ठाऊक. दार लाथेने उघडलं आणि दोघी वाळूत पडलो. मी तिला ओढत वाऱ्याच्या तोंडाकडे नेलं, तंबूचं कुंपण ओलांडून, आणखी पुढे. पाय थांबेनातच. नवरा मागून ओरडत आला.

"काय झालं? काय झालं?"

"गॅस," मी म्हटलं. "आत. शेगडीचा."

तो मागे वळला. मी त्याचा शर्ट धरला, पण तो हिसडा मारून गेला. बाहेरच्या कप्प्यातला सिलिंडर त्याने बंद केला, दार दगड लावून उघडं ठेवलं आणि वाकून बाहेरच्या बाजूने एकेक खिडकी ओढून बघायला लागला. तो तिथे होता तेवढा वेळ मी मुलीचं डोकं छातीशी घट्ट धरून डोळे मिटून बसले होते. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बनियनचा एक बोळा होता. खालून हात घालून त्याने तो भोकातून ओढून काढला होता.

"ही भोकं गॅस निघून जायला असतात," तो म्हणाला. "मी बुजवली." आणि तिथेच वाळूत बसला.

वारा वाळू घेऊन आमच्या अंगावर येत होता आणि कुणी तोंड फिरवत नव्हतं. मुलीने दोनदा खोकून पाणी मागितलं. पाणी कॅरव्हॅनमध्ये होतं. आणायला कुणी उठलं नाही.

मग नवऱ्याने तो प्रश्न विचारला. रागाने नाही, खरंच न समजून.

"तू आत गेलीस. दार लावलंस. तुला वास कसा नाही आला?"

हीच वेळ होती खोटं बोलायची. वाऱ्याने आला नसेल, लक्ष नव्हतं, घाईत होते. तीनही उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती. मी मुलीकडे पाहिलं. तिच्या केसांत वाळू होती आणि ओठ पांढरे पडले होते.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "कसलाच. करोनापासून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मनात तो एकेक गोष्ट मागे जाऊन तपासत होता, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. दूध. मसाला. टाकी.

"आणि सकाळपासून मी विचारत होतो तेव्हा?"

"नाही म्हणत होते."

"खोटं."

"खोटं नाही. मला खरंच येत नव्हता."

दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही यावर हसलो असतो. तो उठून चार पावलं लांब गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलेलं नव्हतं, आणि तेव्हाही त्याने पाहू दिलं नाही.

मी मुलीचा हात हातात घेतला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "तुला त्रास झाला का गं? आत काही कळलं होतं का तुला?"

घरात ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमचं वर्षानुवर्षांचं चाललेलं. त्या दिवशी तिने शब्द शोधत, थांबत थांबत, मराठीत उत्तर दिलं.

"मला वास आला होता. गॅसचाच होता. मला कळलं होतं."

"मग उठली का नाहीस?" माझा आवाज चढला. "ओरडायचंस. धावत बाहेर यायचंस."

"तू म्हणालीस ना, मसाल्याचा आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच चुकलं असेल."